देवरावकाकांचं गाणं मीच बंद केलं

दोस्तहो, आज स्वतःचीच लाज वाटून राहिली.

बोरगावच्या माझ्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारी लाकूड कोरायची मशीन देवरावकाका चालवतात. ते त्याच कॉम्प्युटरवर गाणी लावायचे. मी रागावून गाणी बंद केली, अन् तेव्हापासून मशीन झटके देऊन दारं खराब करायला लागली.

"भाऊ, गाणं चालू असलं का मशीन बराबर चालते," काका म्हणाले. मी सगळ्यांसमोर हसलो.

आज कॉम्प्युटरचं बायोस, म्हणजे आतल्या मूळ सेटिंगचं पान, उघडलं. वीज वाचवायची सेटिंग चालू होती. काम हलकं झालं की प्रोसेसर डुलकी घ्यायचा अन् मशीनला सूचना उशिरा पोचायच्या. गाण्यानं तो जागा राहायचा.

सेटिंग बंद केली. मशीन एकदम सुरळीत.

काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आता गाण्याची जरूरत नाही ना?"

माफी मागायची होती. तोंडातून फक्त "नाही" निघालं.