पिवळा दिसलेला कापूस
घरात नवा कापूस आला की त्याच्या कोरड्या, धुळकट वासाबरोबर मला वहिनीचा हेवा वाटलेली ती सकाळ आठवते. ओसरीवर पांढऱ्याशुभ्र कापसाचा ढीग होता आणि बाबा वेचणाऱ्या बायांवर चिडले होते. “पिवळा दिसून राह्यला. भिजका मिसळला तुम्ही.” चार दिवसांपासून त्यांना जेवण जात नव्हतं, पण चळवळीची पत्रकं वाचत वाढलेल्या मला दिसला तो फक्त बायांवरचा अन्याय. “राबणाऱ्यांवर खोटा आळ घेऊ नका,” मी सगळ्यांसमोर सुनावलं. वहिनी मात्र बाबांजवळ जाऊन बसली. “मामा, तुमचं धोतर बी पिवळं दिसतं काय?” “व्हय, सगळंच.” “मंग हात द्या इकडं.” मला कधी अंगाला हात लावू न देणाऱ्या बाबांनी मनगट निमूट पुढं केलं. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसे भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत तिनं ठोके मोजले. मिनिटाला बेचाळीस. “आजची गोळी न्हाई द्यायची,” म्हणत तिनं डॉक्टरांना फोन लावला. हृदयाचे ठोके ताब्यात ठेवणारी ती गोळीच अंगात जास्त झाली होती. गोळ्यांच्या खोक्यातला माहितीचा कागद घरात फक्त मी वाचला होता. त्यातल्या दुष्परिणामांत ‘पिवळं दिसणं’ या शब्दांखाली लाल रेघही मीच मारली होती. दवाखान्यातून आल्यावर बाबांनी बायांची माफी मागितली, मी मात्र दोन दिवस वहिनीशी बोलले नाही. आता गोळीआधी नाडी मीही मोजते. मोजून झालं तरी बाबांचं मनगट माझ्या हातात असतं आणि नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं, वहिनी बघते का म्हणून.