भट्टीची झडप

साहेबानं बुटाच्या टोकानं एक ढेकूळ माझ्याकडं सरकवलं. म्हणाला, "चाट."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"चाट म्हणतो ना. चुना आहे का दगड, सांग."

चुना ओळखायला पाणी लागतं. शिंतोडा मारला की भाजलेला चुना फुसफुसतो, तडकतो. कच्चा दगड नुसता ओला होतो. बादली साहेबाच्या हाताशीच होती. पण त्याला चुना ओळखायचाच नव्हता.

भट्टीवरची सगळी माणसं बघत होती. मी वाकलो. चाटलं. वरचा पापुद्रा तेवढा भाजलेला, आत दगड. जीभ पोळली. आठ दिवस भाकरी पाण्यात कालवून गिळली.

"तुम्हा लोकांना दगड फोडता येतो, भाजता येत नाही," साहेब हसत म्हणाला.

एकाहत्तर सालचा गळीत हंगाम. नगर जिल्ह्यातला एक साखर कारखाना. उसाचा रस निवळायला चुना लागायचा, तो आम्ही भाजायचो. भट्टीवर झाडून सगळी महारवाड्यातली. साहेब केमिस्ट. त्याच्या लॅबमधल्या माठाला आमचा हात चालायचा नाही. मी मॅट्रिक झालेलो, शास्त्र घेऊन. लॅबमध्ये जागा निघाली तेव्हा अर्ज केला होता. हातात आलं फावडं.

जिभेनं बोलता येईना, तेव्हा डोकं चालायला लागलं. ट्रंकेतलं शाळेचं रसायनाचं पुस्तक काढलं. चुनखडी तापली की चुना होतो, वायू सुटतो. पण ही क्रिया उलटीही चालते. वायू आतच कोंडला तर तो चुन्याला धरतो, पुन्हा दगड करतो. जेवढा चुना होतो तेवढाच मोडतो. पुस्तकात त्याला समतोल म्हटलं होतं. वायू बाहेर जाऊ दिला की समतोल ढळतो, दगडाचा चुना होत राहतो.

मी पुस्तक मिटलं.

भट्टीची वरची झडप साहेबानंच बंद करायला लावली होती. उष्णता वाया जाते म्हणून. तोंडी हुकूम. तेव्हापासूनच दगड कच्चा निघत होता, आणि शिव्या आम्ही खात होतो.

पुढचा माल उतरला. तोही कच्चा. साहेब आला. या वेळी ढेकूळ सरकलं चंद्राआत्याकडं. माझ्या बापाची थोरली बहीण, साठीची.

"तू सांग गं म्हातारे."

आत्या वाकायला लागली. मी तिचा दंड धरला.

"आत्ये, ऊठ. न्हाई चाटायचं."

"आरं, काम जाईल," ती पुटपुटली.

मी बादली उचलली, ढेकळावर उपडी केली. ढेकूळ गप्प. पाणी साहेबाच्या बुटापर्यंत गेलं.

"दगड हाय, साहेब. आत वायू कोंडलाय. झडप तुमी बंद केली. उघडा ती."

"मला केमिस्ट्री शिकवतोस?"

"व्हय."

माझी नजर खाली गेली नाही.

दुपारी मला गेटाबाहेर काढलं. दोन दिवसांनी साहेबानं गुपचूप झडप उघडायला लावली, भट्टीवरच्यांनीच मला सांगितलं. चुना पांढराशुभ्र उतरला. रजिस्टरात आधीच्या कच्च्या मालाचं कारण लिहिलं गेलं, 'मजुराचा निष्काळजीपणा.' आत्याचंही काम गेलं. ती कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढं दुसऱ्या भट्टीवर लागलो. पहिल्याच दिवशी तिथल्या साहेबाला सांगितलं, हुकूम लिहून द्या, खाली सही करा. तो हसला. मी फावडं खाली ठेवलं आणि उभा राहिलो. त्यानं लिहून दिलं.

आता भट्टीवर येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वाचायला बसवतो. तोंडी हुकमावर आमचा हात हलणार नाही. आणि लिहिलेलं चुकलं, तर खालची सही चारचौघांत मोठ्यानं वाचली जाईल.