तिसऱ्या मजल्यावरचा निनावी पुरुष

नाव : हाकामादा तोकुजी. वय : एकोणपन्नास. पद : परिचारक, वृद्ध रुग्ण विभाग, तिसरा मजला. सेवा : बावीस वर्षे. शिल्लक रजा : भरपूर. तक्रारी : निरंक. सदर कर्मचारी आपल्या कामात समाधानी असून स्वेच्छेने सेवेत आहे, असे रुग्णालयाच्या दप्तरी नमूद आहे.

सदर कर्मचारी म्हणजे मी. दप्तर हे म्हणत होतं तेव्हा माझ्या खिशात राजीनामा होता.

जपानात, आकितात आमच्याकडे राजीनामा शाईच्या पेनाने लिहायचा, उभ्या ओळींत, पांढऱ्या लिफाफ्यात. कारण एकच लिहायचं : वैयक्तिक. कंबर गेली तरी वैयक्तिक, वरिष्ठांनी छळलं तरी वैयक्तिकच. मी तो तीनदा लिहिला. पहिला गणवेशाबरोबर धुलाईला गेला आणि कोरा होऊन परत आला. दुसऱ्यावरची तारीख शिळी झाली. तिसरा खिशात.

शेजारच्या गावात वृद्धांचं दिवसाचं केंद्र आहे. पाच वाजता कुलूप लागतं. तिथल्या संचालकांनी माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती, एकतीस मार्चपर्यंत. 'त्यापुढे मात्र मला जमणार नाही हो,' ते फोनवर म्हणाले, आणि त्यांनीच माफी मागितली.

अडचण एवढीच, की सोडून जायचं ते कुणाला त्रास न देता. म्हणजे मजल्यावर कुणी गरोदर नको, कुणाची पाठ धरलेली नको, फ्लूची साथ नको. असा महिना बावीस वर्षांत आलेला मला आठवत नाही.

हे सांगायचा सराव मी करायचो तो आमच्या रुग्ण ताकेयो आजींपुढे. त्या एक्क्याण्णव वर्षांच्या, ऐकू कमी येतं. त्यांची नखं कापता कापता मी एकदा पुटपुटलो, 'मी नोकरी सोडावी म्हणतोय.'

'मग जा की,' आजी म्हणाल्या. 'मी काय इथे हौसेने आलेय?'

आजींना नेमकं तेवढंच ऐकू आलं.

फेब्रुवारीत दरवर्षीची समाधान-पाहणी आली. चाळीस प्रश्न, एक ते पाच आकडे, एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम, फॉर्म निनावी. आमच्या मजल्याचा रिवाज असा, की सगळीकडे तीनला गोल करायचा. तीन म्हणजे 'सांगता येत नाही'. पाच केला तर माणूस मोकळा दिसतो, लगेच जादा पाळी लागते. एक केला तर कुणीतरी येऊन विचारतं. बावीस वर्षं मला माझ्या आयुष्याबद्दल काहीच सांगता येत नव्हतं.

या वेळी मी चाळीस प्रश्नांना एक दिला. तोंडाने जमत नाही ते पेन्सिलने जमतं, असं वाटलं. गोल इतके नेटके काढले की स्वतःचंच कौतुक वाटलं. त्याच समाधानात वरचे रकानेही भरले : मजला तिसरा, लिंग पुरुष.

तिसऱ्या मजल्यावर आम्ही तेवीस जण आहोत. बावीस बायका.

पुढच्या आठवड्यात आमच्या मॅट्रन इगाराशीबाईंनी खोलीत बोलावलं.

'एका फॉर्मवर सगळे एक आलेत,' त्या म्हणाल्या. 'कोणी भरला ते आम्ही शोधत नाही.'

'बरोबर आहे.'

'निनावी म्हणजे निनावी.'

'अगदी.'

'तुमची कंबर कशी आहे?'

फॉर्मवर कंबरेचा प्रश्न सतरावा होता. 'बरी आहे,' मी म्हणालो.

'छान. समाधान वाढवायची एक समिती नेमतोय. दर गुरुवारी, ड्युटी संपल्यावर. कुणीतरी तटस्थ माणूस हवाय.'

मी हो म्हणालो. नर्सेसच्या खोलीत कोमुरोने मला कॉफी दिली. 'हाकामादा-सान, आमच्यात एक पुरुष आहे हे आम्हीही विसरलोच होतो,' ती म्हणाली, 'पण निदान तुम्ही तरी लक्षात ठेवायचं!'

समितीच्या चार बैठका झाल्या. कामाचे तास कमी करावेत यावर आम्ही रात्री आठपर्यंत एकमत करत होतो.

एकतीस मार्चला सकाळी मी लिफाफा हातात धरूनच मॅट्रनबाईंच्या दारावर टकटक केलं. आज कोण गरोदर आहे ते विचारायचं नाही, असं ठरवूनच गेलो होतो.

टेबलावर गोडाच्या वड्यांचा डबा होता, एकेक वडी कागदात बांधलेली. आमच्याकडे असा डबा नोकरी सोडणारा माणूस वाटतो.

'बरं झालं आलात,' त्या म्हणाल्या. 'दुपारी सगळ्यांना सांगणार आहे. आज माझा शेवटचा दिवस. राजीनामा सहा वर्षं लिहून ठेवला होता, द्यायला मुहूर्त मिळत नव्हता.'

'मग आत्ता कसा मिळाला?'

'तुमचा फॉर्म वाचला ना. चाळीसच्या चाळीस मलाही तेच म्हणायचं होतं. त्याच दिवशी वर जाऊन देऊन आले.' त्यांनी डबा पुढे केला. 'साहेब घाबरले होते. म्हटलं, काळजी करू नका, खाली हाकामादा आहेत. तो माणूस कुठे जायचा नाही.'

मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. 'ते काय आहे?'

'गुरुवारच्या बैठकीचा वृत्तांत,' मी म्हणालो.

'लिफाफ्यात?'

'गोपनीय आहे.'

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हात पुढे केला असता तर मी लिफाफा दिला असता, इतपत धैर्य माझ्यात होतं. त्यांनी डब्यातली एक वडी दिली. ती मी तिथेच उभा राहून खाल्ली.

एक एप्रिलला केंद्रातली जागा दुसऱ्या कुणीतरी भरली.