कमरेतली सुई

माझं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा माझ्या कमरेची सगळ्यांना काळजी होती. माझी कुणाला नव्हती.

घरून निघताना आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जोर यावा म्हणून मला दुधात भाकरी कुस्करून खाऊ घातली होती. जालन्याच्या दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर म्हणाले, पोट फाडून मूल काढावं लागेल. भूल दोन तऱ्हेची. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करायचं, नाहीतर नाकावर औषध धरून पूर्ण झोपवायचं. पण पोटात अन्न असेल तर झोपेत उलटी छातीत जाते आणि माणूस दगावतं. "हिनं काही खाल्लंय का?"

"सकाळधरून पान्याचा घोट न्हाई घेतला," आत्याबाई म्हणाल्या. "पूर्नच झोपवा सायेब. कमरेत सुई मारली की कंबर कायमची जाती. मंग कापूस कोन येचील?"

"खाल्लंय! भाकर खाल्लीय मी!" मी कळांमधूनच ओरडले. सासूला चारचौघांत खोटं पाडताना डोक्यावरचा पदर मात्र ढळू दिला नाही. इतकी मी गुणाची सून.

डॉक्टरांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं आईकडे बघितलं. मग म्हणाला, "आई म्हनती तसंच करा. कंबर गेल्यावर काय करायचं हिचं?"

डॉक्टर भला माणूस. त्यानं दोघांनाही बाहेर काढलं आणि सुई कमरेतच दिली. मुलगी झाली. मीही जगले. पुढच्या हंगामात वेचणीला गेले तेव्हा कंबर शाबूत होती. तरी वाकताना नुसतं हुं केलं की आत्याबाई म्हणायच्या, "घे आनखी सुई!" नवऱ्याचं ते वाक्य मात्र मी जपून ठेवलं. लग्नातल्या शालूला कसर लागली, त्याला लागली नाही.

पोरगी शाळेत जायला लागली त्या वर्षी आत्याबाईंचा हर्निया अडकला. पोट फुगलं, उलट्या थांबेनात. तोच दवाखाना, डॉक्टर दुसरे. उलट्या होताहेत म्हणून कमरेतलीच भूल बरी, असं ते म्हणत होते, पण आत्याबाई ऐकेनात. "पूर्न झोपवा" एवढंच धरून बसल्या. नवऱ्याला कुणाच्या तरी तोंडाकडे बघायची सवय. आई आडवी पडलेली, म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं.

"कमरेत द्या," मी म्हणाले.

आत्याबाईंनी माझं मनगट गच्च धरलं. "न्हाई गं माय, कंबर जाईल माझी. तू सांग त्येंला."

कंबर जात नाही, हे माझ्याइतकं त्या दवाखान्यात कुणाला ठाऊक होतं? माझी कुठं गेली, एवढं म्हटलं असतं तरी त्यांचा जीव भांड्यात पडला असता. मी म्हटलं नाही. त्यांच्या कानाशी वाकले.

"गेली तर जाऊ द्या, आत्याबाई. आता काय करायचं तुमचं?"

मनगटावरचा हात सुटला. त्या रडत आत गेल्या. मला फार बरं वाटलं.