होल्डवर बसलेले जावई

उभ्या कळंब तालुक्यात माझ्या जावयाइतका ऐकून घेणारा माणूस सापडायचा नाही, आणि या गुणाचा त्यांना आजवर काडीचाही उपयोग झालेला नाही. बाकीचे लोक माणसांचं बोलणं ऐकतात, आमचे जावई यंत्रं ऐकतात. मिक्सर लावला की ते अर्धी दाढी तशीच टाकून स्वयंपाकघरात येतात आणि हात वर करून म्हणतात, "थांबा, याला काहीतरी होतंय." मिक्सरला काही होत नसतं, चटणी होत असते. एकदा एसटीत बसल्या बसल्या त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, इंजिनाचा पट्टा ढिला आहे, आवाज येतोय. चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळेला ड्रायव्हरनं त्यांना येडशीच्या फाट्यावर उतरवलं. मागच्या गाडीनं येताना त्यांना ती पहिली गाडी पट्टा तुटून रस्त्याकडेला उभी दिसली. दुसरा कुणी असता तर खिडकीतून हसला असता. हे खाली उतरले, ड्रायव्हरजवळ बसून राहिले, आणि दिवस मावळल्यावर घरी आले.

खरं तर हे मला त्यांच्या लग्नातच कळायला हवं होतं. अंतरपाट धरला होता, भटजींनी सूर लावला होता, आणि मांडवातला भोंगा शिट्टी मारत होता. पाव्हण्यारावळ्यांनी कानात बोटं घातली. नवरदेवानं मान वाकडी करून जरा ऐकलं, मुंडावळ्या सावरल्या आणि सरळ मांडवामागं निघून गेला. नवरदेव पळाला असं समजून माझे मालक मटकन खाली बसले. थोड्या वेळानं जावई हात झटकत परत आले आणि मालकांना म्हणाले, "माइक भोंग्याच्या तोंडापुढं होता मामा, म्हणून ओरडत होता." त्यानंतरच्या मंगलाष्टका साऱ्या गावाला स्वच्छ ऐकू आल्या. मुहूर्त मात्र टळला होता.

मालक गेल्यावर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी लेकीकडं आले ती तिथंच राहिले. सासूनं जावयाच्या घरी राहू नये असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांनी माझा गुडघा सांभाळायला यावं. जावई मला मामी म्हणतात आणि मी त्यांना पाव्हणं म्हणते. त्यांच्याच घरात राहून त्यांनाच पाव्हणं म्हणायचं हे बरोबर नाही, पण जिभेला लागलेली सवय या वयात सुटत नाही.

जावई पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या एका कंपनीच्या कळंबच्या ऑफिसात होते. मोटार बंद पडली की शेतकरी तिथं फोन करायचा, दोन मुली तक्रार लिहून घ्यायच्या आणि मिस्त्री पाठवायच्या. फोनची सगळी व्यवस्था जावयांच्या अंगावर. साधे फोन होते तोवर सगळं बरं होतं. मग कंपनीनं इंटरनेटवर चालणारे फोन बसवले. दोन मुली बोलत असल्या की तिसऱ्याला थांबावं लागतं, आणि थांबलेल्याच्या कानात संगीत वाजतं. त्याला होल्डचं संगीत म्हणतात. ते वाजेना. लोकांना वाटायचं फोन मेला, ते ठेवून द्यायचे. कितीजणांनी मधेच फोन ठेवला हे पुण्याच्या मोठ्या ऑफिसात आपोआप कळतं. तिथल्या साहेबानं सांगितलं, दसऱ्यापर्यंत फोन ठेवणारे कमी झाले नाहीत तर कळंबचं फोनचं टेबल बंद, सगळे फोन पुण्याला घेऊ. म्हणजे दोन्ही मुली घरी आणि आमचे जावईही घरी. त्यांची पन्नाशी उलटलेली. या वयात त्यांना ऐकायच्या कामावर कोण ठेवणार.

हे संगीत ऑफिसात बसलेल्याला ऐकू येत नाही, ते फक्त बाहेर थांबलेल्याला ऐकू येतं. म्हणून जावयांना बाहेरचा एक कान पाहिजे होता. आधी त्यांनी माझ्या लेकीला बसवलं. ती काहीही ऐकलं तरी "छान आहे" म्हणायची, कारण नवऱ्यानं वेळेवर घरी येऊन जेवावं एवढंच तिला पाहिजे होतं. मग ते माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "मामी, जरा होल्डवर बसता का?"

"बसते की. उभं राहायला मला कुठं येतंय."

त्या दिवसापासून मी रोज दुपारी होल्डवर बसू लागले. मांडीवर सूप, सुपात तूर, कानाला फोन. मी चौथी शिकलेली बाई, संगीतातलं मला काही कळत नाही, पण जे ऐकू येतं ते सांगता येतं. काही नाही. काही नाही. खरखर. एक टुणूक. पुन्हा काही नाही. लेकीचा फोन शेजारी चालू असायचा, त्यावरून जावई ऑफिसात सगळं लिहून घ्यायचे आणि डॉक्टर विचारतो तसं विचारायचे, "खरखर कशी म्हणता? पत्र्यावर वाळू पडल्यागत, का कढईत मोहरी तडतडल्यागत?"

"मोहरी."

"ओली का कोरडी?"

"मोहरी कुणी धुऊन टाकतं का पाव्हणं?"

यावरही ते रागवायचे नाहीत. "कोरडी," असं म्हणत लिहून घ्यायचे.

मुळात गाण्याची फाईलच चुकीची होती, ती त्यांनी बदलली. मग बासरी वाजायला लागली, पण तिचे तुकडे होऊन. बासरी हळू झाली की यंत्राला वाटायचं कुणी बोलत नाही, आणि ते आपलं दार लावून घ्यायचं. ते दार त्यांनी उघडं ठेवलं, तर खरखर वाढली. वायरी बदलल्या, डबे बदलले. लाईट गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि कळंबात लाईट जायला निमित्त लागत नाही. एका तेरखेड्याच्या माणसानं, त्या गावात घरोघरी फटाक्यांचं काम चालतं, फोन उचलल्या उचलल्या मुलीला विचारलं, "ताई, तुमच्या ऑफिसला आग लागली काय? ह्यो आवाज आमी वळखतो." मुलगी रडकुंडीला आली. जावयांना मात्र त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. नीट ऐकतो, म्हणाले.

शेवटी दोष कुठं आहे ते त्यांनी शोधून काढलं आणि मला चुलीपुढं बसून समजावलं. "मामी, आवाज इंटरनेटमधून पाठवताना पिशवीत दाबून भरतात, जागा कमी लागावी म्हणून. माणसाचं बोलणं म्हंजे पोहे. दाबले तरी पोहेच राहतात. बासरी म्हंजे पापड."

"मग दाब कमी करा."

"पिशवी पुण्याच्या हातात हाय." त्यांनी पुण्याला विचारलं होतं. पुण्यानं सांगितलं, दाब सगळीकडं सारखाच राहील.

मग त्यांनी देवीची आरती लावली. त्यांचा हिशेब असा की आरती सगळ्यांना पाठ असते, कानाला नुसता चुरा आला तरी माणूस उरलेलं मनात भरून घेतो. हिशेब चुकला नाही. कुणीही फोन ठेवेना. पण कुणी आरती मधेच सोडायलाही तयार होईना. उसाच्या चिखलात लोक चपला काढून उभे राहिले. मुलीनं "नमस्कार, बोला" म्हटलं की पलीकडून उत्तर यायचं, "थांब बाई, आरती चाललीय." ती थांबायची, तिच्यामागचे सगळे थांबायचे, आणि थांबलेल्या प्रत्येकाची आरती वेगळ्या कडव्यावर. एका म्हाताऱ्यानं भांडण काढलं की माझी आरती तुम्ही अर्ध्यात तोडली, आता माझी मोटार कशी चालायची ते मला सांगा. काहीजण तर मोटार नसताना दिवेलागणीला फोन करू लागले. मोहरीच्या तडतडीतली आरती मी पहिल्यांदाच ऐकली, आणि तूर निवडणं थांबवून मीही हात जोडले, खोटं कशाला सांगू. पुण्याचा साहेब फोनवर म्हणाला, "ते ऑफिस आहे की देऊळ?" जावई म्हणाले, "पण साहेब, ठेवला कुणीच नाही." आरती त्याच दिवशी काढावी लागली.

दसरा जवळ आला. लेक जेवायला वाढताना बोलेनाशी झाली. जावयांनी मिक्सरचा आवाज ऐकणं सोडलं, तेव्हा मला खरी भीती वाटली. आणि मग एका दुपारी त्यांचा घास हातातच राहिला. "मामी," ते म्हणाले, "आपण पापड पाठवतोच कशाला? पोहे पाठवू."

ताट तसंच ठेवून ते उठले, गोधड्यांचं कपाट उघडलं आणि त्यात कमरेपर्यंत शिरले. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून. लेकीनं माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं बघितलं. कपाटातून आवाज येत होता: "राम राम. थांबा, मुली दुसऱ्यांशी बोलतायत. तोवर आपण तुमच्या मोटारीकडं बघू. घाई करू नका. आधी हात कोरडे करा आणि पेटीजवळ जा. तिन्ही दिवे लागलेत का बघा. एखादा लागला नसेल तर मोटारीला काही झालेलं नाही, लाईटच नीट आलेली नाही, बटण बंद करून वाट बघा. तिन्ही लागले असतील तर मोटार चालू करून जरा ऐका. पाणी न फेकता नुसती फिरतीय असं वाटलं, तर तिनं हवा धरलीय. बंद करा, वरून पाणी ओता, मग चालू करा."

असं बरंच होतं, आणि सगळं त्याच निवांत आवाजात. दुसऱ्या दिवशी मी होल्डवर बसले. शब्द न् शब्द कळत होता. जावयांनी दुसऱ्या फोनवरून विचारलं, "खरखर?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. लेकीसारखं उगाच छान मी म्हणत नाही, हे त्यांना माहीत होतं.

बाजारात माणसं लेकीला थांबवून सांगू लागली, "तुमच्या मालकानं फोनवर सांगितलं तसं केलं, अन् मोटार चालू झाली बघा. मिस्त्री लागलाच न्हाय." लोक ऐकायचे, पेटीपाशी जायचे, मोटार पाणी फेकायला लागायची, आणि ते समाधानानं फोन ठेवून द्यायचे.

आणि पुण्यात दिसत होतं की कळंबला फोन मधेच ठेवणारे पहिल्यापेक्षाही वाढले.

जावयांनी साहेबाला समजावलं. "साहेब, त्यांची मोटार चालू झाली म्हणून त्यांनी ठेवला."

साहेब म्हणाला, "त्याचा रकाना नाही आमच्याकडं."

घरी येऊन त्यांनी आम्हाला हे सांगितलं आणि पाणी प्यायले. मग म्हणाले, "त्यांचंबी बरोबर हाय मामी. रकानाच नसला तर ते लिहिणार कुठं." मी साहेबाचा नंबर मागितला. त्यांनी दिला नाही. ते मला ओळखून आहेत.

दसऱ्यानंतर टेबल गेलं. दोन मुलींपैकी एकीला औषधाच्या दुकानात काम मिळालं, दुसरी अजून घरी आहे. जावई पुढच्या खोलीत बसून लोकांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात. कामं फार येत नाहीत. आलेलं प्रत्येक यंत्र ते दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ ऐकत बसतात, आणि गिऱ्हाईक ताटकळून निघून जातं.

गेल्या आठवड्यात दुपारी लेकीनं दोनदा हाक मारली तरी ते जेवायला आले नाहीत. मी काठी टेकत पुढच्या खोलीत गेले. ते खुर्चीत फोन कानाला लावून बसले होते.

"कुणाचा फोन हाय?"

"पुण्याचा. होल्डवर हाय."

"मोटार कुठाय आपल्याकडं?"

"मोटारीचं न्हाय मामी. तिकडं नवीन संगीत लावलंय, लई खरखर हाय. दाब तेवढाच ठेवलाय त्यांनी. चार दिवस झाले सांगायला बघतोय, पण नंबर यायच्या आत फोन कटतो."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पाव्हणं, त्यांनी तुमचं टेबल नेलं. पोटावर पाय दिला. मरू द्या की ती खरखर."

त्यांनी फोनवर हात ठेवला. पलीकडं ऐकायला कुणी नव्हतं, तरी ठेवला. "आत बसलेल्याला कळतच न्हाय मामी. बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं. मला सांगायला तुमी होता. त्यांना कोण हाय?"

आतून भाकरीचा वास येत होता. मी दुसरी खुर्ची ओढली, बसले आणि हात पुढं केला. "आणा हिकडं. तुमी जेवून घ्या."

ते अवघडले. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "कुणी बोललं तर लगेच हाक मारा." मी मान हलवली. ते आत गेले, पाटावर बसल्याचा आवाज आला, लेकीनं वाढल्याचा आवाज आला. खूप दिवसांनी ती त्यांच्याशी काहीतरी बोलत होती. पलीकडून कुणी बोललं नाही. फोन ठेवून द्यावा असं मला दोन-तीनदा वाटलं, पण ते अजून जेवत होते.