वाम आणि वाकटी

"नेल्सन गेला," फोनवर फिलोमिना म्हणाली, आणि मी विचारलं, "कुठे? आगाशीला?" तिच्यामागे कुणीतरी रडत होतं, ते ऐकू आलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. महिना उलटून गेला, तरी नवऱ्याच्या मरणाची बातमी देणाऱ्या बाईला मी असं कसं विचारलं, हे मला उमगत नाही.

वालीवच्या एका कारखान्यात नेल्सन आणि मी कॉम्प्युटर सांभाळायचो. मेला एकाही सीडीवर काही लिहायचा नाही. वर मलाच शिकवायचा, "सुनंदा, सीडी आणि चावी म्हणजे नवरा-बायको. दुसऱ्याची चालत नाही." चावी म्हणजे सिस्टीम टाकताना लागणारी अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. ती तो फोनवर माशांच्या नावांनी सांगायचा. बी म्हणजे बोंबील, एम म्हणजे मांदेली. साहेब वैतागायचे, मला मात्र भूक लागायची. हॉस्पिटलमधून त्यानं घरच्या कॉम्प्युटरची चावी मला अशीच माशांच्या नावांनी रेकॉर्ड करून पाठवली. "बंद पडला तर हिला लावून दे." मी रागावले. म्हटलं, तूच ये नि लाव... तो आला नाही, आणि कॉम्प्युटर खरंच बंद पडला.

मी वटारला त्यांच्या घरी गेले. "आतले फोटो काय, कुणीही काढून देईल," फिलोमिना म्हणाली. "मला कॉम्प्युटर त्यानं ठेवलेला तसाच हवा." जुनं न पुसता दुरुस्ती करायची तर मूळचीच सीडी लागते, आणि खणात तीन सीड्या, तिन्हींवर एक अक्षर नाही! दोन सीड्या सगळं पुसायलाच निघाल्या. तिसरी दुरुस्तीला तयार झाली, तर तिनं माझी चावी नाकारली. आता चुकलं काय? सीडी, चावी, की मीच? त्याचं ते रेकॉर्डिंग मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. "...वाम, तारली, वाकटी..." मला रडू येत होतं आणि त्याचा भयंकर रागही येत होता.

"वाकटीला काय लिहिलंस?" फिलोमिनानं विचारलं.

"व्ही. वामही व्ही, वाकटीही व्ही. दोन्ही 'व'च ना गं?"

"अगं, वाकटी सुकली की वेडीवाकडी होते, खाली-वर खाली-वर. डब्ल्यू असणार तो."

मी डब्ल्यू दाबला. चावी लागली. बऱ्याच वेळानं स्क्रीन उजळली आणि त्यावर अक्षरं आली... 'वेलकम, नेल्सन'.

"बंद करू का?" मी विचारलं. फिलोमिना पदरानं स्क्रीनवरची धूळ पुसत होती.

"याला अजून कुणी सांगितलंच नाही गं," ती म्हणाली.