खिळ्यावरची रेकॉर्ड

आमच्या हरीदादाला गाण्यातलं काही कळत नाही, असं मी तीस वर्षं घरीदारी सांगत आले. गाणं म्हणजे ज्यात सूर असतो, ते. दादा जे ऐकायचा ते चार गोऱ्या पोरांचं भांडण होतं. पंक रॉक म्हणतात म्हणे त्याला. मी म्हणायची, "अरे, त्यांना कुणीतरी जेवायला घाला, म्हणजे गप्प बसतील!" दादा हसायचा आणि आवाज आणखी वाढवायचा.

दादा भिवंडीत नारपोलीच्या एका लूमच्या कारखान्यात कापड-चेकर होता. काचेचं टेबल, खाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकत जायचं आणि दादा दोष पकडायचा. तुटलेली तार, गाठ, तेलाचा डाग. मग शेरा मारायचा : फ्रेश, सेकंड, नाहीतर चिंधी. पलीकडच्या शेडमध्ये दिवसभर लूमची खडखड. घरी आल्यावर मी रेडिओवर भावगीत लावलं की म्हणायचा, "नीले, हे मला ऐकूच येत नाही गं. झोप येते."

पंक त्याला सापडलं ते भंगारात. जवळच्या पूर्णा गावात तेव्हा आजच्यासारखी मोठमोठी गोडाउनं नव्हती, पण परदेशी प्लास्टिकचं भंगार यायचं आणि दळून जायचं. तिथे खारबावचा नवशा कामाला होता. एक दिवस तो गोणपाट घेऊन दारात उभा. "हरीभाऊ, ह्या काल्या थाल्या हायेत, तुमाला पायजेल का? न्हायतर जातील दलायला." त्यातली एक दादाने शेजारच्यांच्या प्लेअरवर लावली, आणि माझा शहाणा भाऊ डोळे मिटून म्हणाला, "हे बघ, यात लूम आहे." त्या दिवसापासून आमचं घर बिघडलं.

पण नुसतं ऐकून थांबेल तर तो दादा कसला! रेकॉर्ड आली की दोन बोटांनी कडेला धरायची, दिव्याखाली तिरपी करायची, सावकाश फिरवायची. कापडासारखीच. केसाएवढी रेघ असली तरी त्याला दिसायची. रेकॉर्डचे शेरे वेगळे : मिंट म्हणजे अगदी कोरी, मग निअर मिंट, व्हेरी गुड. आणि त्यांच्यात 'गुड' म्हणजे टाकाऊ! मी म्हटलं, "हे तर आमच्या शाळेच्या निकालपत्रासारखंच झालं." मी शाळेत क्लार्क होते, मला माहीत आहे.

हळूहळू नाव झालं. पुण्याहून, गोव्याहून, बंगळूरहून लोक जुन्या दुर्मिळ रेकॉर्डी कुरिअरने पाठवायचे. दादा तपासून चिठ्ठीवर शेरा लिहायचा, खाली सही. भिवंडीचा शेरा म्हटलं की पुढे कुणी प्रश्न विचारायचं नाही. घरी मात्र मी रोज विचारायची, "या काळ्या भाकऱ्या कधी संपणार?"

आता त्या खिळ्याचं सांगते. त्यांच्या कारखान्यात एक रीत होती. चेकरने फ्रेश म्हणून पास केलेला तागा दोष निघून परत आला, की तेवढा तुकडा कापायचा आणि त्या चेकरच्या टेबलामागे खिळ्याला अडकवायचा. पुन्हा काढायचा नाही. काही चेकरांच्या मागे चिंध्यांचं तोरण असायचं. दादाच्या मागे एकतीस वर्षं नुसता खिळा. लोक रिटायर होताना घड्याळ घेऊन येतात, हा खिळा उपटून घेऊन आला! आणि आल्या आल्या घरच्या टेबलामागे ठोकला. म्हणाला, "ज्या दिवशी यावर काही लटकेल, त्या दिवशी माझं काम संपलं."

दोन वर्षांपूर्वी त्याला काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, "थेंब नियमित टाका, नजर टिकेल. चुकवलेत तर गेलेली परत येणार नाही." तेव्हापासून दादा घड्याळ लावून थेंब टाकायचा. प्रत्येक रेकॉर्ड दोनदा तपासायचा. तोंडाने बोलला नाही, पण मला कळत होतं. माणूस मरणाला भीत नव्हता, एक रेघ सुटेल म्हणून भीत होता.

गेल्या मार्चमधली गोष्ट. पुण्याच्या अपूर्वाने एक रेकॉर्ड पाठवली होती. छोटी, सात इंची. कुठल्याशा बँडने पंचेचाळीस वर्षांपूर्वी तीनशेच काढलेल्या, त्यातली एक. दादा दोन दिवस देवघरात बसावं तसा तिच्यासमोर बसला होता. तिसऱ्या दिवशी निअर मिंटची चिठ्ठी लिहिली, सही केली आणि डोळ्यांच्या तपासणीला ठाण्याला गेला.

मी सोसायटीच्या मीटिंगला गेले. तिथे आमचा चेअरमन हितेश सगळ्यांसमोर म्हणाला, "नीलाताई, तुमच्या भावाला कुठेतरी दाखवा. म्हातारा पार येडा झालाय." सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. माझ्या भावाला वेडा म्हणायचा हक्क माझा आहे, या मेल्याचा नाही!

घरी आले ती तणतणत. टेबलावर ती रेकॉर्ड समोरच होती. दार सताड उघडलं, रेकॉर्ड लावली आणि आवाज होता तेवढा सोडला. ऐक म्हटलं, हितेश, ऐक! ती पोरं बोंबलायला लागली आणि, आता लपवून काय करू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आयुष्यभर लोकांच्या फायली लावल्या, कुणावर आवाज चढवला नाही. त्या दुपारी मी त्यांच्याबरोबर ओरडले. पालथी करून दुसरी बाजूही लावली.

मग जिन्यात पावलं वाजली. दादा आला की काय म्हणून मी घाईने सुई उचलायला गेले आणि बांगडी दांडीला लागली. चर्र झालं. पावलं वरच्या मजल्यावर गेली. मी रेकॉर्ड पदराने पुसली, पाकिटात घातली, होती तशी ठेवली. मला तर काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी दादाने ती कुरिअरला दिली.

चार दिवसांनी अपूर्वाचा फोन. बिचारी चाचरत बोलत होती. "काका, मागच्या बाजूला एक रेघ आहे. प्रवासात पडली असेल." दादा म्हणाला, "पाकिटात अशी वाकडी रेघ पडत नाही. माझ्याकडून सुटली." रेकॉर्ड परत मागवली आणि बदल्यात स्वतःच्या कपाटातल्या तीन सगळ्यांत चांगल्या पाठवल्या. आली तशी दिव्याखाली धरली. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "एवढी मोठी रेघ, नीले. एवढी मोठी मला दिसली नाही." आणि ती खिळ्याला अडकवली.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तीस वर्षं ज्याची टिंगल केली, ते मी चोरून ऐकलं आणि मला आवडलं, हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, उद्या सांगू. राग निवेल त्याचा. पण दादाला राग आलाच नव्हता. त्याने उरलेली पार्सलं न फोडता परत केली. प्लेअरवर चादर टाकली. थेंबांचं विचारलं की म्हणायचा, "टाकले." मी विश्वास ठेवला. नोव्हेंबरात कपाट आवरताना औषधाच्या सात बाटल्या सापडल्या, एकीचंही सील तोडलेलं नव्हतं.

ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासलं. डावा डोळा गेला. उजव्याला नळीतून बघावं तेवढं दिसतं.

त्या संध्याकाळी मी त्याच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. हितेश, दार, बांगडी, पदर. रडत रडत सांगितलं. "तुझी नजर चुकली नव्हती रे दादा. मी वाजवली. रेघ माझी आहे."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू? पंक?"

"देवाशपथ. दोन्ही बाजू ऐकल्या."

"बरं, मागच्या बाजूला काय आहे सांग."

मी आठवू लागले. इंग्रजी धड कळलं नव्हतं, सूर असा नव्हताच. "ओरडतात," मी म्हटलं.

दादा हसला. आठ महिन्यांत पहिल्यांदा हसला. "सगळ्याच बाजूंना ओरडतात, वेडे." मग डोळे पुसून म्हणाला, "माझ्यासाठी खोटं बोललीस, बरं वाटलं. पण चेकर मी आहे. दोष माझाच."

मी आता रोज थेंब टाकते त्याच्या उजव्या डोळ्यात. तो टाकू देतो, माझं मन मोडायला नको म्हणून.